एकाच चेहऱ्याला बसणारा धातू

दात पडला की त्याच्याखालचं हाडही हळूहळू नाहीसं होतं, हे माहीत होतं तुम्हाला? कुठे जातं ते? आपलं शरीरच ते विरघळवून टाकतं!

घास चावताना प्रत्येक दात आपल्या खोबणीत किंचित दबतो. मुळाभोवतीचे बारीक तंतू तो ताण हाडाला पोचवतात आणि त्या ताणावरच हाड जगतं. हाडातल्या काही पेशी जुनं हाड विरघळवत असतात, काही नवं रचत असतात. ताण थांबला की रचणाऱ्या पेशी मागे पडतात. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. म्हणून तर वर्षानुवर्षं कवळी वापरणाऱ्यांचे गाल बसतात आणि एकेकाळी घट्ट बसणारी कवळी भाकरीचा घास घेताना निसटू लागते. वरच्या जबड्याची तर दोन्हीकडून कोंडी होते. गालामागची सायनसची पोकळी वरून खाली पसरते, खालून हाड आटत जातं आणि मध्ये कधी कधी जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा पापुद्रा उरतो.

गेलेल्या दाताच्या जागी बसवायचं नेहमीचं इम्प्लांट म्हणजे सुमारे दहा मिलिमीटरचा टायटॅनियमचा स्क्रू. परका धातू हाडात टिकतो, हेच मुळात नवल. 1952 च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड इथे संशोधक पर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते निघेचना. हाड धातूला चिकटून वाढलं होतं! हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर चढतो. हाडाच्या पेशींची गाठ त्या थराशी पडते आणि त्याच्याशी त्यांचं छान जुळतं. 1965 मध्ये ब्रोनेमार्कांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात अशी इम्प्लांट्स बसवली. ती चाळीसहून अधिक वर्षं, लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, टिकली.

पण खुंटी ठोकायला भिंत तर हवी! भिंतच उरली नसेल तर? कमरेचं हाड आणून भिंत पुन्हा उभारता येते. त्यासाठी आणखी एक जखम सोसायची, कित्येक महिने थांबायचं आणि एवढं करून ते हाडही पुन्हा विरघळू शकतं. मग भिंतीचा नाद सोडून थेट घराच्या खांबांनाच हात घातला तर? चेहऱ्यात असे खांब खरोखरच आहेत. नाकाच्या कडेचं आणि गालाचं हाड चावण्याचा जोर वर कवटीकडे पोचवतं आणि दात गेले तरी हे भाग बरेचसे शाबूत राहतात. गालाच्या हाडापर्यंत पोचणारे तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे स्क्रू याच विचारातून आले.

दुसरी वाट त्याहून जुनी. 1940 च्या दशकात स्वीडनच्याच गुस्टाव डाल यांनी हाडात काही न ठोकता हिरडीखाली, हाडाच्या पाठीवर धातूची जाळी बसवली. माप घेण्यासाठी मात्र हिरडी उघडून उघड्या हाडाचा साचा घ्यावा लागे. मग जखम शिवायची, जाळी ओतायची आणि पुन्हा हिरडी उघडायची. एवढं सोसूनही जाळी नेमकी बसेलच याची खात्री नसे. पुढे स्क्रूची सद्दी आली आणि ही पद्धत अडगळीत गेली.

सीटी स्कॅनने तिला परत आणलं! आता हिरडीला हात न लावता हाडाचा प्रत्येक उंचवटा संगणकावर दिसतो. हाड कुठे जाड आहे, स्क्रू कुठे घट्ट धरेल, नस कुठून जाते, हे सगळं पाहून अभियंता आणि सर्जन त्या रुग्णापुरता सांगाडा आखतात. मग आर्गॉन वायूने भरलेल्या पेटीत टायटॅनियमच्या भुकटीचा, केसाहूनही पातळ थर पसरतो. आखलेल्या रेषेवरून लेसर फिरतो आणि तेवढीच भुकटी वितळते. पुन्हा थर, पुन्हा लेसर. 1600 अंशांच्याही वर वितळणारा धातू अशा शेकडो थरांतून उभा राहतो. जगात एकाच चेहऱ्यावर बरोबर बसेल असा तुकडा! एकाच शस्त्रक्रियेत तो हाडावर ठेवून छोट्या स्क्रूंनी खांबांना आवळतात. हिरडीबाहेर फक्त दात जोडायचे खुंट दिसतात. आधार पहिल्या दिवसापासून स्क्रूंचा असल्याने तात्पुरते दात बऱ्याचदा काही दिवसांतच बसवता येतात.

याचा कच्चा दुवा आहे हिरडी. ती मागे सरली तर धातू उघडा पडतो, जंतूंना वाट मिळते. म्हणून रोजची स्वच्छता आणि नियमित तपासणी चुकवून चालत नाही. आणि ज्यांचं साध्या स्क्रूवर भागतं, त्यांनी या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

पण ज्यांच्याकडे दुसरी वाटच नाही, त्यांचं काय? 2021 मध्ये कोविडपाठोपाठ काळ्या बुरशीचा (म्युकरमायकोसिसचा) संसर्ग आला. महाराष्ट्रातही अनेकांचा जीव वाचवण्यासाठी वरचा जबडा काढावा लागला. टाळूच गेल्याने अन्नपाणी नाकात जायचं, बोललेलं समोरच्याला कळायचं नाही. भारतातल्या सर्जन मंडळींनी अशा काही रुग्णांच्या उरलेल्या हाडांचं स्कॅन करून त्यांच्या मापाचे टायटॅनियमचे सांगाडे छापून घेतले आणि गालाच्या हाडांना बांधून त्यांवर नवे दात बसवले.