डाळ शिजते, म्हणून पाणी चांगलं?

खेड्यात पाण्याची परीक्षा घरातल्या बायका घेतात. हंड्याचा तळ दिसतो का, घोट गोड लागतो की मचूळ, साबणाला फेस येतो का आणि मुख्य म्हणजे तुरीची डाळ वेळेत शिजते का? एवढ्या खुणांवर कोणत्या विहिरीचं पाणी प्यायचं आणि कोणतं धुण्या-भांड्याला ठेवायचं, हे ठरतं. ही परीक्षा खोटी मुळीच नाही. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की डाळ खरोखरच शिजत नाही. गढूळ पाण्यात तुरटी फिरवणं, निवळीची बी उगाळून घालणं, दुहेरी फडक्यातून गाळणं हेही पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे.

अडचण एवढीच, की पाण्यातल्या दोन गोष्टी डोळ्याला दिसत नाहीत आणि जिभेला कळत नाहीत. एक जंतू, दुसरी खडकातून विरघळून आलेली फ्लोराइडसारखी द्रव्यं. आणि या दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

आपल्या हैदराबादपासून सुमारे १०० किलोमीटरवरच्या नलगोंडा भागाचं उदाहरण घ्या. तिथली जमीन ग्रॅनाइटची. या खडकातल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी जितकं खोल आणि जितका काळ खडकात मुरलेलं, तितकं फ्लोराइड त्यात उतरायला जास्त वाव. उघड्या विहिरीच्या पाण्याने जुलाब, कावीळ होते म्हणून लोक हापशाकडे आणि बोअरकडे वळले. जंतूंच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण खोल बोअरबरोबर फ्लोराइड घरात आलं.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं, की आधी दात बोलतात. दात घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंतच्या वयात, असं पाणी प्यालेल्या मुलांच्या दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग पडतात. प्रमाण फार असेल तर पुढे हाडं धरतात. मान वळत नाही, गुडघे आखडतात, पाठ वाकते. वाकलेला कणा औषधाने सरळ होत नाही. म्हणून या रोगाला आधी रोखणं हाच उपाय.

आता डाळीची गंमत पाहा. जास्त फ्लोराइडच्या पाण्यात पुष्कळदा कॅल्शियम कमी असतं. म्हणजे ते पाणी मऊ, फेसाला चांगलं आणि डाळ झटकन शिजवणारं! सासूबाईंच्या परीक्षेत जे पाणी पहिलं येतं, तेच नातवाच्या दातांना घातक ठरू शकतं.

"मग उकळून पिऊ," असं कुणीही म्हणेल. उकळल्याने जंतू मरतात. पाणी खळखळून उकळलं की मिनिटभर पुरे. पण फ्लोराइड वाफेबरोबर उडत नाही. पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. कापडाने गाळूनही ते जात नाही, साध्या कँडल फिल्टरनेही नाही. उलट, फ्लोराइड काढलेल्या पाण्यात जंतू असू शकतात. रोग पाहून औषध, तसं पाणी पाहून उपाय.

यावर १९७० च्या दशकात नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने एक पद्धत तयार केली, ती 'नलगोंडा तंत्र' याच नावाने ओळखली जाते. त्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर मोजून घालतात, ढवळतात आणि गाळ बसू देऊन वरचं पाणी घेतात. पण किती तुरटी घालायची हे पाण्याच्या तपासणीवर ठरतं. अंदाजपंचे खडा फिरवून हे काम होत नाही.

आज तिथल्या घरापुढे साधारण तीन पाणी असतात. बोअरचं, 'मिशन भगीरथ'च्या नळाचं आणि आरओ प्लांटवरून विकत आणलेल्या कॅनचं. नळाला कृष्णा-गोदावरीचं शुद्ध केलेलं पाणी येतं, त्यात फ्लोराइडची भीती फारशी नाही. पण क्लोरीनचा वास येतो म्हणून काही घरं ते पाणी प्यायला नको म्हणतात. खरं तर तो वास म्हणजे जंतूंवरचा पहारा. पाणी थोडा वेळ ठेवलं की वास उतरतो. कॅनचं पाणी जिभेला छान लागतं, आरओने फ्लोराइडही निघतं. पण कॅन आतून धुतला नसेल तर तिथूनच जंतू शिरतात.

आणखी एक चूक सहज घडते. कॅनचं पाणी प्यायला, आणि भात-आमटी मात्र बोअरच्या पाण्यात. भात जितकं पाणी पितो, तितकं फ्लोराइडही पितो. प्यायचं आणि स्वयंपाकाचं, दोन्ही पाणी एकाच सुरक्षित हंड्यातलं हवं. अंघोळ आणि धुणं बोअरवर खुशाल करा. दोन्हींचं वेगळं भांडं ठेवलं, तर विकतचं पाणीही परवडतं.

हा प्रश्न फक्त तेलंगणाचा नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांतही फ्लोराइड आहे. सुट्टीत गावी जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनी एवढं करावं. आपल्या बोअरचं पाणी शेवटचं कधी तपासलं, फ्लोराइड किती निघालं, हे ग्रामपंचायतीत विचारावं. जलजीवन मिशनमध्ये गावागावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. त्या कोण, हे शोधावं. जंतूंसाठीची छोटी बाटलीही मिळते. पाणी भरून ठेवलं आणि ते एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर पाणी दूषित समजायचं. ही तपासणी नळावर करावी आणि माठातल्या पाण्याचीही करावी, कारण हात बुडवून पेला भरला की चांगलं पाणीही बिघडतं. लांब दांड्याचं ओगराळं त्यासाठीच असतं.

आईची, आजीची परीक्षा मोडीत काढायची गरज नाही. गढूळ आणि जड पाणी ती ओळखतेच. न दिसणाऱ्यासाठी फक्त तपासणीचा कागद तिच्या हातात द्यायचा आहे.