घरपोच न येणारी चव

लेखमाला : चव आणि गाव
लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण वाड्याच्या कोलमची गोष्ट वाचली. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा तांदूळ पोत्यात भरला की वर्षभर टिकतो, रेल्वेत बसतो, जहाजात बसतो आणि परदेशी गेलेल्या माणसाच्या कुकरमध्येही तसाच मोकळा शिजतो. आज त्याच पालघर जिल्ह्यातल्या, पण अगदी उलट स्वभावाच्या तीन गोष्टींकडे वळू : ताजा बोंबील, ताडगोळा आणि जांभूळ. यांना प्रवास मानवत नाही. त्यांची खरी चव हवी तर आपणच त्यांच्या गावी जावे लागते. माणूस खाण्यासाठी प्रवास का करतो, याचे उत्तर मला या तिघांनी दिले, आणि ते नीट कळले करोनाच्या टाळेबंदीच्या दिवसांत.

मी बोईसरला राहते. तारापूर औद्योगिक वसाहतीत शिफ्ट सुटली की रस्त्यावर जी गर्दी लोटते तिच्या पोटापाण्यासाठी इथे वडापावच्या गाड्या आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत, बिहारकडच्या कामगारांसाठी लिट्टी-चोखा आहे, दक्षिणेकडच्यांसाठी सकाळची इडली आहे. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री लोकल थांबली आणि पाठोपाठ हे सगळे थांबले. खानावळी बंद झाल्या, त्यांच्यावर जगणारे कामगार श्रमिक गाड्यांनी आपापल्या गावी निघून गेले. टपऱ्यांवर ताडपत्री आली. कटिंग चहा घरीही होतो, पण टपरीवर उभ्याने पिताना शेजारच्याशी होणाऱ्या दोन गोष्टी घरी होत नाहीत.

किराणा मिळत होता. भाजी सोसायटीच्या फाटकाशी येत होती. मोबाइलवर बोट ठेवले की थोड्याच महिन्यांत पिझ्झा आणि केकही येऊ लागला. म्हणजे ज्यांना पिशवीत, खोक्यात, बर्फात बसता येते त्या चवी आमच्यापर्यंत पोचल्या. ज्या पोचल्या नाहीत, त्यांची यादी मी तेव्हा मनात करत असे. एप्रिल-मेचे ताडगोळे. जूनच्या तोंडावरची जांभळे. आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर, जाळ्यातून काढल्यावर दोन तासांच्या आत तव्यावर पडलेला बोंबील. टाळेबंदी नेमकी याच हंगामावर येऊन आदळली होती.

बोंबीलच आधी समजून घेऊ. या माशाच्या वजनात जवळजवळ नऊ दशांश पाणी असते. हातात घेतला तर तो मासा वाटतच नाही, ओल्या रुमालासारखा बोटांवरून ओघळतो. म्हणून तो तळण्याआधी साफ करून, फाडून, वर पाटा ठेवून दाबावा लागतो. पाणी निथळल्यावर मग हळद, तिखट, मीठ आणि तांदळाच्या पिठाचा हात. बर्फात घालून मुंबईला गेला तरी तो खाता येतो, लाखो लोक आवडीने खातात. पण प्रत्येक तासाला त्याचे अंग सैल पडत जाते. किनाऱ्यावर खाल्लेल्या बोंबलाचे कवच कुरकुरीत आणि आत साय असते. ती साय मुंबईपर्यंत टिकत नाही.

तो कधी मिळेल, हेही समुद्र ठरवतो. इथे बोंबील प्रामुख्याने डोल जाळ्याने धरतात. समुद्राच्या तळाशी खुंट ठोकलेले असतात, त्यांना पिशवीसारखे निमुळते जाळे बांधतात. जाळे जागेवरच राहते आणि पाण्याच्या ओढीबरोबर मासा आत शिरतो. ओढ जितकी जोराची तितकी पिशवी भरते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा मासळी भरपूर. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी मंदावते, तेव्हा टोपल्या हलक्या. म्हणून किनाऱ्यावरची बाई बाजाराला निघण्याआधी कालनिर्णय बघते. रविवारची सुट्टी धरून जाणारा पाहुणा तिथी बघत नाही आणि मग मासळी महाग का, असे विचारतो.

उरलेला बोंबील वाळवतात. ही कृती एकदा जवळून बघावीच. वरोर, डहाणू, चिंचणीच्या बाजूला किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडी उभ्या असतात, आडव्या दोऱ्या बांधलेल्या. बाई दोन बोंबील उचलते, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवते आणि ती जोडी दोरीवर टाकते. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. गाठ नाही, खिळा नाही, मीठही नाही. बोंबलाचे बारीक आत वळलेले दातच त्याची खुंटी होतात. ऊन आणि वारा चांगला असेल तर दोन-तीन दिवसांत तो ओला रुमाल काडीसारखा कडक होतो. मी एका मावशींच्या शेजारी बसून हे करून पाहिले. माझी एक जोडी लागेपर्यंत त्यांच्या दहा-बारा लागल्या होत्या. “घाई नको,” त्या म्हणाल्या, “तोंड उघडलं की आपोआप बसतं.” दुपारच्या उन्हात अशा हजारो जोड्या लावताना कंबर किती वेळ वाकलेली राहते, ते तिथे बसल्यावरच कळते.

आता टाळेबंदीकडे वळू. केंद्रीय गृहमंत्रालयाने १० एप्रिल २०२० ला मासेमारीला सूट दिली होती. समुद्र खुला झाला, पण आठवडे बाजार बंद आणि गाड्या बंद होत्या. पावसाळ्याच्या बेगमीसाठी घरोघरच्या बायका सुके बोंबील, जवळा, वाकट्या भरतात ते नेमके एप्रिल-मे महिन्यांत. वर्षाची ही मोठी विक्री त्या साली अडली. चवीची साखळी केवढी लांब असते ते तेव्हा दिसले. मासा आहे, ऊन आहे, हात आहेत, पण घेणारा किनाऱ्यापर्यंत येऊ शकत नाही.

ताडगोळ्याचेही तसेच. केळवे-माहीमपासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीवर ताडाची उंच झाडे आहेत. ताडाच्या नराला फळ धरत नाही, मादीलाच धरते. फळ काढायला चढणारा माणूस कसबी लागतो. कोयत्याने कवच छाटले की आत बहुधा तीन गोळे, पातळ सालीत गुंडाळलेले, मध्ये थेंबभर गोड पाणी. झाडावरून उतरल्यावर दिवस-दीड दिवसात त्यातले पाणी आटू लागते, गर घट्ट होतो. नीरेचे आयुष्य तर त्याहून कमी. सूर्य वर आला की ती आंबायला लागते. जांभळालाही फार वेळ मिळत नाही. वैतरणा नदीकाठच्या बहाडोलीची टपोरी जांभळे आता भौगोलिक मानांकनाने ओळखली जातात. नाजूक फांद्यांवर भार नको म्हणून झाडाभोवती बांबूची परांची बांधून ती हाताने उतरवतात. पहिला जोराचा पाऊस आला की हंगाम संपला.

मग हे सगळे परत कसे आले? एका दिवसात आले नाही. १५ जून २०२० ला लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना ठरावीक वेळांत प्रवास करता येऊ लागला, एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीची दुसरी मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना गाडीत बसता आले. आता हिवाळ्यात किनारा गाठायचा, असे आम्ही ठरवले, तर दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. पालघर स्टेशनला उतरता येत होते, पण पुढे सातपाटीला न्यायला लाल गाडी नव्हती. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्याने करोनाचे निर्बंध पूर्ण उठवले. तोपर्यंत आमची दोन वर्षे गेली होती.

त्या मे महिन्यात केळव्याच्या रस्त्यावर ताडगोळे विकणाऱ्या काकांपाशी मी थांबले. त्यांनी एक गोळा सोलून हातावर ठेवला. आधी खा, मग डझन सांगा, असा त्यांचा नेहमीचा रिवाज. सालीखालचा तो थंड गर जिभेवर आला आणि मला काही बोलता येईना. दोन वर्षांत मी कितीतरी गोष्टी मागवून खाल्ल्या होत्या, पण कोणाच्या हातून घेऊन, त्याच्यासमोर उभी राहून काही खाल्ले नव्हते.

इटलीच्या लोकांना हे लगेच समजेल. मार्च २०२० मध्ये संपूर्ण देशाला टाळेबंदी लावणारा तो युरोपातला पहिला देश. तिथला माणूस कॉफी पितो ती काउंटरशी उभा राहून, दोन घोटांत, ओळखीच्या माणसाशी बोलत. करोनाच्या काळात कॉफी कागदी पेल्यात मिळत होती, काउंटर मात्र बराच काळ बंद होते. जून २०२१ मध्ये देशभर काउंटरवर उभे राहायला परवानगी मिळाली, तेव्हा परत आली ती कॉफी नव्हे, काउंटर. आपल्या टपरीचेही अगदी तसेच झाले.

इटलीकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे १९८५ मध्ये कृषी पर्यटनाचा कायदा झाला. त्यातली मुख्य अट अशी की पाहुणे ठेवणारा शेतकरी आधी शेतकरी असला पाहिजे. पर्यटन हा शेतीला जोड, शेतीच्या जागी पर्यटन नाही. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये, टाळेबंदीच्याच वर्षी, कृषी पर्यटनाचे धोरण मंजूर केले. पालघरच्या किनाऱ्याला हेच सूत्र लावले पाहिजे. चिकूच्या वाडीत राहायला जागा मिळावी, पण वाडी तोडून खोल्या उभ्या राहू नयेत. मासे खायला लोक यावेत, पण मासेमारी जिवंत राहावी.

कारण निर्बंध उठल्यावर गर्दी वाढली आहे आणि प्रत्येकाला ताटात पापलेटच हवे आहे. पापलेट ही सातपाटीची ओळख, २०२३ मध्ये राज्याने त्याला राज्यमासा म्हणून मान दिला. पण तळहाताहून लहान पापलेट विकले जाते, कारण ते मागणारे आपण आहोत. तो मासा आणखी काही महिने समुद्रात राहिला तर मोठा होईल, अंडी घालेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती याच कारणासाठी. त्या दिवसांत किनाऱ्यावर जाऊन ताजे मासे मागणे चुकीचे आहे. तेव्हा सुका बोंबील खावा, शेवळाची भाजी खावी, तांदळाची भाकरी खावी. शिवाय वरोरच्याच शेजारी होणाऱ्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झाली आणि इथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. ज्या पाण्यात डोल लागते त्याची काळजी त्यांना वाटते, तशी ती खाणाऱ्यांनाही वाटली पाहिजे.

चर्चगेटहून बोईसर सुमारे १०३ किलोमीटर आहे. २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत येते. तेव्हा दूर आहे, ही सबब नको. येताना एवढेच करा : हंगाम बघा, तिथी बघा, घरून कापडी पिशवी आणा, हॉटेलात बसण्याआधी किनाऱ्यावर जा. सुके बोंबील घ्यायचे असतील तर ते जिने वलांडीवर टाकले तिच्याकडूनच घ्या आणि तिच्याशी घासाघीस करू नका. ती पाठ वाकवून काम करते म्हणून आपल्याला चव मिळते. ते काम अजून कुठल्याही ॲपला घरपोच आणता आलेले नाही.

पुढच्या आठवड्यात : थंडीतली उकडहंडी.