तिचं कोण गेलं गं?

दिवेलागणीची वेळ. देवाजवळ दिवा लावून मी मेथी निवडायला बसले होते आणि मोबाइलवर एक गाणं लावलं होतं. पुण्यात शिकणाऱ्या लेकीने पाठवलेलं. भाषा रशियन, बाईचा आवाज जड, खालच्या पट्टीतला, आणि चाल इतकी संथ की मध्येच थांबते की काय असं वाटावं. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. म्हटलं, आता बोलणी बसणार! तिन्हीसांजेला हे कसलं रडगाणं लावलंस म्हणून. पण त्या दाराशीच थांबल्या. गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिचं कोण गेलं गं?"

मैत्रिणींनो, मी चाटच पडले. सासूबाईंना रशियन तर सोडाच, हिंदीही धड येत नाही. पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. ते गाणं 'अलेक्झांडर नेव्हस्की' या १९३८ सालच्या रशियन चित्रपटातलं. दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइन, संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्ह. गोष्ट १२४२ सालची. जर्मन सरदारांची फौज रशियावर चालून येते आणि गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर लढाई होते. रशियन जिंकतात. आपल्याकडे इथे ढोल-ताशे वाजले असते. पण विजयानंतर येते रात्र. रणभर माणसं पडलेली आहेत आणि बायका त्यांच्यात आपलं माणूस शोधत फिरताहेत. हे गाणं त्या वेळचं. लढाई जिंकल्यावरही बाईच्या वाट्याला काय येतं, हे ते संगीत सांगून जातं. भाषा कळायची गरजच पडत नाही.

गेले काही महिने मी असलंच संगीत ऐकते आहे. रशियन चित्रपटांचं. काळोखी, जड, मनात घर करून बसणारं. बी.ए.ला मराठी घेतलेल्या, महिला मंडळात आणि बचत गटांत रमणाऱ्या बाईला हे नसतं खूळ कुठून लागलं, असं तुम्हाला वाटेल. त्याची एक गोष्ट आहे.

आमच्या मंडळात पोळी-भाजीचे डबे करणारी एक बाई येते. तिची मुलगी आठवीत. तिला आपण रेवा म्हणू, खरं नाव सांगत नाही. उंच, काटकुळी, सावळी पोर. वर्गातल्या मुलींनी तिचं नाव ठेवलं 'बुजगावणं'. आधी मधल्या सुट्टीत, मग येता-जाता, मग मोबाइलच्या ग्रुपवर. एक दिवस रेवाने दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि शाळेत जाणार नाही म्हणाली. आईने समजावलं, मारलं, पुन्हा जवळ घेतलं. शेवटी माझ्याकडे घेऊन आली, "ताई, तुम्ही सांगा हिला."

मी काय सांगितलं असेल? जे आपण सगळ्याच सांगतो तेच. "अगं, दुर्लक्ष करायचं. हसून सोडून द्यायचं. चांगलं बघायचं, आनंदी राहायचं." रेवाने मान खाली घातली आणि "हो काकू" म्हणून निघून गेली. दुसऱ्या दिवशीही शाळेत गेली नाहीच.

रात्री फोनवर लेकीला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, तू तिचं ऐकलंसच नाहीस. एक सिनेमा सांगते, तो बघ. नावच 'बुजगावणं' आहे."

रशियन नाव 'चुचेलो'. १९८४ साली पडद्यावर आलेला रोलान बिकोव्ह यांचा चित्रपट. लेना नावाची बारा वर्षांची मुलगी आजोबांकडे राहायला एका लहान गावात येते. आजोबांचा कोट ठिगळांचा, त्यांना जुनी चित्रं जमवण्याचा नाद, म्हणून गाव त्यांना हसतं. वर्ग लेनाला हसतो आणि तिचं नाव ठेवतो चुचेलो. वर्गातली मुलं तास बुडवून पळतात आणि एक मुलगा बाईंना ते सांगून टाकतो. तो मुलगा लेनाला आवडतो, म्हणून ती त्याचा दोष आपल्या अंगावर घेते. त्याच्यात खरं बोलायची हिंमत नसते. अख्खा वर्ग लेनाला वाळीत टाकतो. तिचा फ्रॉक बाहुलीला घालतात आणि ती बाहुली तिच्यासमोर जाळतात. लेनाचं काम क्रिस्टिना ओर्बाकाइते या मुलीने असं केलं आहे की अभिनय वाटतच नाही. आजोबा झालेले युरी निकुलिन तर रशियातले गाजलेले विदूषक. सगळ्या देशाला हसवणारा माणूस इथे नातीचं दुःख नुसतं ऐकत बसतो. तो तिला 'सोडून दे' म्हणत नाही. तिने सगळं सांगेपर्यंत थांबतो. ते बघताना मला माझी लाज वाटली.

आणि त्याचं संगीत! आपल्या सिरियलमध्ये कुणी रडलं की व्हायोलिनं आधी रडायला लागतात. आपण रडायचं की नाही हेही तेच ठरवतात. इथे तसं काही नाही. हे संगीत मुलीची कीव करत नाही, तिच्या शेजारी बसून राहतं. संगीतकाराचं नाव वाचलं आणि सावरून बसले. सोफिया गुबायदुलिना. बाई!

मग मी या बाईंच्या मागेच लागले. जन्म १९३१चा, व्होल्गेच्या मुलखातल्या चिस्तोपोल गावचा. वडील तातार, आई रशियन, आजोबा मौलवी. लहानपण कझान शहरात गेलं. तिथे आणि मग मॉस्कोत संगीताचं शिक्षण झालं. त्या काळी सोव्हिएत सरकारला संगीत हवं होतं ते उत्साहाचं, कामगारांना हुरूप देणारं, उजळ. सोफियाबाईंच्या डोक्यात वाजत होतं ते वेगळंच. मार्ग चुकलाय असं त्यांना सांगण्यात येई. परीक्षेच्या वेळी मोठे संगीतकार दिमित्री शोस्ताकोविच यांनी मात्र त्यांना वेगळाच आशीर्वाद दिला. तुझ्या या चुकीच्या वाटेनेच पुढे जात राहा, अशा अर्थाचा. या शोस्ताकोविचना स्वतःला १९३६ आणि १९४८ मध्ये सरकारी टीकेचा मार खावा लागला होता. तेही चित्रपटांना संगीत देत. त्यांचं १९६४च्या रशियन 'हॅम्लेट'चं संगीत ऐकाल तर अंधारातला वाडा डोळ्यांपुढे उभा राहील.

सोफियाबाईंचं स्वतःचं संगीत मैफलींत फारसं वाजू दिलं जात नसे. १९७९ साली संगीतकारांच्या संघाच्या अधिवेशनात नावं घेऊन ज्या सात जणांवर टीका झाली, त्यांत त्या होत्या. मग घर कसं चाललं? चित्रपटांवर. पोटासाठी त्यांनी वीसेक चित्रपटांना संगीत दिलं. पडद्यामागे फारसं कुणाचं लक्ष नसे, त्यामुळे जे मैफलीत चालत नव्हतं ते तिथे चालून जाई. आपल्यातली एखादी दिवसभर दुसऱ्यांचे ब्लाउज शिवते आणि रात्री स्वतःचं भरतकाम करते ना, मला तसंच वाटलं.

तुमच्या मुलांना माहीत असलेलं त्यांचं एक काम सांगते. मोगली! आपल्या टीव्हीवर यायचा तो जपानी. रशियात १९६७ ते १९७१ या काळात त्याचे पाच कार्टूनपट झाले. दिग्दर्शक रोमान दाविदोव्ह, संगीत सोफियाबाईंचं. मोगली लिहिणारे किपलिंग जन्मले मुंबईत, १८६५ साली. त्यांच्या गोष्टीतलं सिवनीचं जंगल म्हणजे आपल्या नागपूरला लागून असलेल्या पेंचचाच परिसर. पण हे जंगल नाचतं-गातं नाही. ते गंभीर आहे, भुकेलं आहे. का अजगर माकडांना भुलवतो तेव्हाचं संगीत ऐकून माझ्या तर अंगावर काटा आला. आणि एक गंमत, रशियन भाषेत काळ्या बिबट्याला स्त्रीलिंगी शब्द, म्हणून तिथली बगीरा मादी आहे. देखणी, धीट, मोगलीला जपणारी, आईच जणू. मुलांना भीती दाखवू नये असं आपण म्हणतो. पण तिथे भीतीही आहे आणि भीतीत सोबत करणारी बगीराही आहे.

हा रशियन काळोख येतो कुठून? मला समजलं ते सांगते. रशियन चर्चमध्ये वाद्यं वाजवत नाहीत. पेटी नाही, ऑर्गन नाही, नुसते माणसांचे आवाज. त्यांत काही पुरुष इतक्या खालच्या स्वरात गातात की आपल्या तंबोऱ्यातली खर्जाची तार आठवावी. सगळं गाणं त्या खर्जावर उभं. वर बाकीचे आवाज एकावर एक थर रचावेत तसे. जोडीला मोठाल्या घंटांचा नाद. पुढे क्रांती झाली, चर्च बंद पडली, तरी कानात मुरलेलं ते कुठे जाणार? ते चित्रपटात आलं. हॉलिवूडवाल्यांनीही हे हेरलं. १९९०च्या 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर'मध्ये रशियन पाणबुडी आहे. अमेरिकन संगीतकार बेसिल पोलेडुरिस यांनी तिच्यासाठी रशियन भाषेत गाणारे पुरुषांचे भारदस्त आवाजच घेतले.

सोफियाबाईंचं आवडतं वाद्य होतं बायान. आपल्या पेटीची लांबची बहीण म्हणा ना. गळ्यात अडकवायची आणि दोन्ही हातांनी भाता ओढत वाजवायची. १९७८ साली बायानसाठी लिहिलेल्या एका रचनेत मध्येच सूर थांबतो आणि नुसत्या भात्याची हवा ऐकू येते. माणसाच्या श्वासासारखी. मी ते ऐकलं तेव्हा मला माझी आजी आठवली. पहाटे जात्यावर ओवी म्हणताना मध्येच थांबायची आणि नुसती जात्याची घरघर ऐकू यायची. ती तेव्हा रडत असायची, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या बायकांनाही काळोखाचं गाणं होतंच की! जातं गेलं, गाणं गेलं, आणि वर 'पॉझिटिव्ह राहा' हे मात्र आलं.

तर रेवा. एका रविवारी तिला घरी बोलावलं. लॅपटॉपवर 'चुचेलो' लावला. खाली इंग्रजी अक्षरं, मी वाचून मराठीत सांगत होते. बाहुली जळते तिथे माझाच आवाज बसला. रेवा मात्र रडली नाही. शेवटी लेना आपले केस कापून टाकते, वर्गासमोर उभी राहते आणि आजोबांबरोबर गाव सोडते. मागे वर्ग माफी मागतो. रेवाने विचारलं, "काकू, पण ती तर निघून गेली. मग जिंकलं कोण?"

मला उत्तर आलं नाही. आलं ते भलतंच. मी तिला म्हणाले, "रेवा, मी पण शाळेत असताना एका मुलीला चिडवायचे. एकटी नाही, सगळ्यांबरोबर. मी नुसती हसायचे. ती नंतर शाळेत यायची बंद झाली." ही गोष्ट मी आजवर कुणाला, नवऱ्यालासुद्धा, सांगितली नव्हती. रेवा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने बोलायला सुरुवात केली. दीड तास बोलली. मी मध्ये एकदाही "सोडून दे" म्हटलं नाही.

सगळं छान झालं असं म्हणणार नाही. मी शाळेत जाऊन बाईंशी बोलले. त्या मुलींच्या आयांशी बोलले. दोघी माझ्यावरच उखडल्या. एक मुलगी मात्र आईबरोबर रेवाच्या घरी आली आणि दाराशीच उभी राहून रडली. रेवा आता शाळेत जाते, आठवड्यातून एखादा दिवस बुडतो. त्या दिवशी ती माझ्याकडे येते. आम्ही काहीतरी ऐकतो.

सोफियाबाई १९९२ साली जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या एका गावात जाऊन राहिल्या. तोवर जगाला त्यांचं नाव माहीत झालं होतं. पुढे स्वीडनचा पोलार संगीत पुरस्कारही त्यांना मिळाला, २००२ साली. १३ मार्च २०२५ रोजी, वयाच्या ९३व्या वर्षी त्या गेल्या. अखेरपर्यंत त्यांनी आपली ती 'चुकीची' वाट सोडली नाही.

मैत्रिणींनो, घरात सदा आनंदाचीच गाणी लागावीत असं कुणाला वाटत नाही? पण तुमच्याही घरात एखादी रेवा गप्प बसलेली असेल. लेक असेल, सून असेल, नाहीतर शेजारीण. तिला हसायला सांगायची घाई करू नका. जवळ बसा. आणि माझ्या सासूबाईंनी त्या न पाहिलेल्या रशियन बाईसाठी विचारलं, तसं मायेने एकदा विचारून बघा, "तुझं काय गेलं गं?"