सुरकुतलेल्या दाण्याची उमेद

गोवंडीतल्या पत्र्याच्या खोलीत वर्षभर पडून राहिलेले स्वीट कॉर्नचे पाकीट उघडले, की आत चपटे, सुरकुतलेले दाणे दिसतात. बियाणे मेले, असे वाटते. पण सुरकुती ही या दाण्याची जातच आहे.

साध्या मक्याच्या दाण्यात स्टार्च गच्च भरलेला असतो. पाकिटातल्या या अतिगोड मक्यात एका जनुकातील बदलामुळे साखरेचा स्टार्च पुरेसा होत नाही. कणीस गोड लागते. वाळल्यावर दाणा मात्र आक्रसतो आणि कोंबाची शिदोरी तोकडी पडते. म्हणूनच हे बियाणे साध्या मक्यापेक्षा लवकर म्हातारे होते.

त्यात मुंबईची दमट हवा. बियाणेशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांचा ठोकताळा असा : दाण्यातली ओल एक टक्क्याने किंवा तापमान पाच अंशांनी उतरले, की बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते. म्हणजे ३० अंशांच्या खोलीपेक्षा ५ अंशांच्या फ्रिजमध्ये ते सुमारे ३२ पट टिकावे. मात्र डबा हवाबंद आणि दाणा कोरडा हवा. चुलीच्या वर बियाण्याची कणसे टांगणाऱ्या आजीने ओलीचा धोका असाच ओळखला होता.

पाकिटावरची मुदत संपली तरी सगळे दाणे मरत नाहीत. पेरणीपूर्वी सोयाबीनचे शेतकरी ओल्या गोणपाटावर उगवण तपासतात, तशी घरी तपासा. वीस दाणे ओलसर कापडात गुंडाळून झाकून ठेवा आणि सातव्या दिवशी मोजा. बारा उगवले तर उगवण ६० टक्के. मग एका जागी दोन दाणे टाकले, तर दोन्ही वाया जाण्याची शक्यता फक्त १६ टक्के उरते.

जुने बी रात्रभर पाण्यात बुडवू नका. त्याच्या पेशींची आवरणे दुबळी झालेली असतात. पाणी एकदम शिरले तर ती फाटतात, साखर बाहेर झिरपते आणि बुरशीला आयते अन्न मिळते. ओलसर कापड पाणी हळूहळू देते. मोड आलेले दाणे मूळ न मोडता दोन-तीन सेंटिमीटर खोल, निचरा होणाऱ्या मातीत लावा.

इथे मात्र आपली ऊब मदतीला येते. थंड मातीत दाणा उगवायला वेळ लावतो आणि तेवढ्यात कुजतो. आपल्या उबदार मातीत जिवंत दाणा साधारण आठवड्यात वर येतो. पाकिटात बियाण्याचे आयुष्य खाणारी उष्णताच मातीत त्याला लवकर उजेडात आणते. तेव्हा जुने पाकीट टाकून देण्याआधी वीस दाण्यांना सात दिवस द्या.