नापास विद्यार्थी आणि शिक्षकाचा प्रश्न

राळेगणसिद्धी (ता. पारनेर) हे गाव पाणलोट विकासामुळे सर्वत्र परिचित झाले. तेथील माध्यमिक शाळेचा प्रवेशविषयक दृष्टिकोन मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. १९७९ मध्ये गावात ही शाळा सुरू झाली आणि अन्यत्र नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश देणारी शाळा म्हणून ती ओळखली जाऊ लागली. गुणवत्ता यादीवरून शाळेची प्रतिष्ठा ठरवणाऱ्या महाराष्ट्रात ही वाट उलट दिशेची होती.

‘नापास’ हा निकाल आहे, निदान नव्हे. शंभरपैकी अठ्ठावीस गुण मिळालेल्या मुलाचे नेमके कोठे अडले, हे त्या आकड्यावरून ना त्याला कळते, ना नव्या शिक्षकाला. मायकेल स्क्रिव्हेन यांनी १९६७ मध्ये, मूलतः अभ्यासक्रमाच्या संदर्भात, केलेला भेद येथे उपयोगी पडतो : काम चालू असताना त्याला वळण देणारे ते आकारिक मूल्यमापन, अखेरीस हिशोब मांडणारे ते संकलित. महाराष्ट्रातील शाळांत २०१० पासून या संज्ञा रूढ झाल्या; पुष्कळ ठिकाणी त्या नोंदवहीतच राहिल्या, असे खेदाने म्हणावे लागते. वस्तुतः आकारिक मूल्यमापनाचे पहिले साधन म्हणजे शिक्षकाचा तोंडी प्रश्न होय.

राळेगणच्या विद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते संत निळोबाराय पारनेर तालुक्यातीलच पिंपळनेरचे. त्यांचा अभंग वर्गात घेतला आहे असे समजू. ‘हा अभंग कोणाचा?’ याचे उत्तर अखेरच्या चरणातील नाममुद्रेतच असते. ते वाचून दाखवणाऱ्याला काही उमगले आहे, असे सिद्ध होत नाही. ‘कवीने आपले नाव अभंगातच का गुंफले असावे?’ असे विचारल्यास एखादा मुलगा ‘ती सही आहे’ म्हणेल. यावर ‘शाबास’ म्हटले काय किंवा ‘चूक’ म्हटले काय, विचार तेथेच थांबतो. ‘सही कागदावर करतात; अभंग तर गातात. मग?’ असा प्रतिप्रश्न आला, तर मौखिक परंपरेत कर्तृत्वाची खूण कशी टिकते, इथपर्यंत वर्ग पोहोचू शकतो. शिवाय मुलाची कल्पना अर्धी बरोबर होती, हे शिक्षकालाही कळते.

मात्र त्यासाठी थांबावे लागते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद वाट पाहतात आणि तीन सेकंद थांबल्यास उत्तरे अधिक विस्तृत येतात, असे मेरी बड रो यांना १९७०च्या दशकात आढळले. (आपणा मराठीच्या अध्यापकांना तर स्वतःच उत्तर देऊन टाकण्याची घाई अधिक, वक्तृत्व हा आपला जुना आजार.) नापासाचा शिक्का बसलेल्या मुलाला मौन सुरक्षित वाटते आणि प्रश्न आपोआप हुशार मुलाकडे सरकतो. म्हणून आधी सर्वांनी वहीत एक ओळ लिहावी, मग कोणाचेही नाव पुकारावे. त्या ओळीला गुण देऊ नयेत. दिले की मुले पुन्हा शेजाऱ्याच्या वहीत डोकावू लागतात.