जुन्या दारूगोळ्याचा धूर

२० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत रोजंदारीवरचे मजूरही होते. स्फोटाची बातमी होते, धुराची होत नाही; म्हणून त्याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

काडतुसांतील धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते. वर्षानुवर्षे पडून ती आपोआप विघटित होऊ लागते. मग पेटी उघडताच तिखट दर्प व तांबूस वाफ येते. ही वाफ नायट्रोजन डायऑक्साइडची. तिची लबाडी अशी की, प्रारंभी थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, माणूस घरी जाऊन जेवतोही. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो. अशा व्यक्तीला बरे वाटत असले तरी तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि धुराचे कारण डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. पोलिसांच्या भीतीने ते लपवले जाते, हे आम्ही जाणतो.

दुसरे विष शिशाचे. पितळेच्या लोभाने पुंगळ्या चुलीवर तापवल्या की शिशाची सूक्ष्म धूळ कपड्यांवर, भांड्यांवर बसते. पोटात गेलेले शिसे बालकांचे शरीर प्रौढांच्या चार-पाच पट शोषून घेते आणि त्याने बुद्धीची वाढ खुंटते.

टीएनटीचे उदाहरण तर इतिहासातच आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत ती भरणाऱ्या स्त्रियांची त्वचा पिवळी पडे. लोक त्यांना कॅनरी म्हणत. यकृत निकामी होऊन त्यांतील कित्येक दगावल्या.

शेतात वा नाल्यात पुंगळी आढळल्यास न उचलता पोलीस पाटलांना कळवावे. नाकाला बांधलेला रुमाल हे वायू अडवत नाही.