प्रश्न हीही उपासनाच
यहुदी धर्मातील चालीरीतींविषयी शंकासमाधान

चैत्री पौर्णिमेच्या पहाटे गावोगावच्या देवळांतून मारुतिजन्माचे कीर्तन उभे राहते. पुष्कळ वर्षी याच पौर्णिमेच्या आगेमागे यहुदी घरांतून ‘पेसाह’ नावाचा सण आरंभ पावतो. त्यांचे महिनेही चांद्र आहेत आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा तेही अधिक महिना धरतात. अलिबागेच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेला बेने इस्राएल समाज याच धर्माचा, आणि त्याची मायबोली मराठी. साहजिकच कीर्तन आटोपल्यावर भाविक श्रोते या धर्माविषयी पुष्कळ विचारतात. त्यांतील काही निवडक शंकांचे समाधान येथे यथामती करीत आहे.

शंका : यहुदी लोक कोणाची उपासना करतात?

समाधान : एकमेव, निराकार ईश्वराची. मूर्तिपूजा त्यांच्या शास्त्रास सर्वथा अमान्य आहे. ईश्वराचे चार अक्षरांचे नाम ते उच्चारीतही नाहीत. ग्रंथवाचनात ते नाम आले की त्या जागी ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, असे म्हणतात. प्रार्थनामंदिरातील पवित्र कपाटात ‘तोरा’ म्हणजे मोशेचे पंचग्रंथ असतात. ते चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेले असून वाचताना अक्षरांस बोट लावीत नाहीत. हाताच्या आकाराच्या दर्शनीने ओळ दाखवितात. आपण नामाचा गजर करणारे, तर ते नाम मौनात जपणारे. या रीती भिन्न आहेत. त्या एकच आहेत असे म्हणण्याची घाई करू नये. आदर मात्र दोहोंकडे सारखाच आहे.

शंका : शनिवारी ते काम का करीत नाहीत?

समाधान : ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी रचली व सातव्या दिवशी विराम घेतला, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांचा दिवस सायंकाळी सुरू होतो. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी गृहिणी दीप लावते आणि शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत ‘शब्बाथ’ पाळला जातो. पेरणे, दळणे, शिवणे, लिहिणे, अग्नी पेटविणे अशी एकोणचाळीस प्रकारची कामे त्या काळात वर्ज्य होत. ही आज्ञा केवळ यजमानापुरती नाही. दासदासींना आणि गुराढोरांनाही विसावा मिळालाच पाहिजे. कोकणात तेलाचा घाणा चालविणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. मात्र कोणाच्या प्राणावर बेतले असता हा नियम मोडणे हेच कर्तव्य ठरते.

शंका : त्यांचे भक्ष्याभक्ष्याचे नियम काय आहेत?

समाधान : पशूंपैकी ज्याचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथ करतो तोच भक्ष्य, मासा असेल तर त्यास पर आणि खवले असावे लागतात. रक्त निषिद्ध आहे. मांस व दूध एकत्र चालत नाही, म्हणून बेने इस्राएल सुगरणी मांसाच्या कालवणात नारळाचा रस घालतात. समाजात अशी कथा सांगतात की, फार पूर्वी दावीद राहाबी नावाच्या एका विद्वानाने येथील स्त्रियांपुढे नाना प्रकारचे मासे ठेविले. त्यांनी खवल्यांचे तेवढे वेगळे काढले, आणि त्याने आपले धर्मबंधू ओळखले. ग्रंथ दुरावला असता स्वयंपाकघराने धर्म सांभाळला, हा या कथेचा मथितार्थ आपल्या माताभगिनींना सांगावयास नको.

शंका : पापक्षालनासाठी त्यांच्यात काय विधी आहे?

समाधान : वर्षारंभानंतर दहाव्या दिवशी ‘योम किप्पूर’ येतो. त्या दिवशी सुमारे पंचवीस तासांचा निर्जळ उपवास असतो. पूर्वी कोकणात त्या दिवशी दारे लावून घेत, म्हणून त्यास ‘दारफळणीचा सण’ म्हणत. परंतु त्यांचे शास्त्रकार बजावतात की, ईश्वराचा अपराध या उपवासाने क्षमा होईल. माणसाचा अपराध केला असेल तर आधी त्या माणसाचे मन शांत केले पाहिजे. शेजाऱ्याला दुखवून देवापुढे नाक घासणाऱ्या प्रत्येकाने हे मनी धरावे.

शंका : पेसाहच्या रात्री काय करतात?

समाधान : मिसर देशाच्या दास्यातून झालेल्या मुक्तीची कथा त्या रात्री घरोघर सांगतात. दास्य सोडून घाईने निघताना पीठ आंबविण्यास अवकाश नव्हता, म्हणून बिनखमिराची भाकरी खातात आणि दास्याच्या कटुतेसाठी कडू भाजी. पण कथेचा आरंभ वडील माणूस करीत नाही. घरातील सर्वांत लहान मूल विचारते की, आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मग उत्तर सुरू होते. मूल नसेल तर पत्नीने विचारावे. एकटा असेल त्याने स्वतःलाच विचारावे. दोन पंडित असले तरी त्यांनी एकमेकांस विचारावे, असे शास्त्रवचन आहे. ज्या बालकाला प्रश्नच सुचत नाही, त्याला पित्याने आपणहून बोलते करावे. पूर्वपक्ष मांडल्यावाचून सिद्धान्त न सांगणाऱ्या आपल्या शास्त्रपरंपरेला आणि यमाच्या दारी बसून प्रश्न करणाऱ्या नचिकेताला मानणाऱ्यांना याचे मर्म सहज उमगेल.

शंका : आपल्या कीर्तनाशी त्यांचा काही संबंध आहे काय?

समाधान : आहे, आणि तो प्रेमाचा आहे. १८८० च्या सुमारास मुंबईतील बेने इस्राएल मंडळींनी हरिदासी कीर्तनाचा साचा घेऊन अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी पदांत रचली. नवस फेडताना वा मंगल कार्यापूर्वी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावे ते ‘मलिदा’ करतात. त्यात गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे असतात. या समाजातील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर क्रमाक्रमाने इस्राएलला गेली. तिकडेही मराठी पदे गाणाऱ्या स्त्रिया आहेत.

परंतु तेथे १९६० च्या दशकारंभी त्यांनाच एक प्रश्न विचारला गेला की, तुम्ही खरे यहुदी कशावरून? विवाहाच्या वेळी त्यांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली. समाजाने आंदोलन केले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले. प्रश्न दोन जातींचे असतात. मूल विचारते तो जाणण्यासाठी. संशयी विचारतो तो दारात अडविण्यासाठी. पहिल्याने घर जोडले जाते, दुसऱ्याने माणूस घायाळ होतो.

परधर्माविषयी आपल्या मुलांनी काही विचारले तर त्यांना गप्प बसवू नये. मात्र तो प्रश्न पहिल्या जातीचा असावा, एवढी शिकवण वडीलधाऱ्यांनी त्यांना अवश्य द्यावी.